ठाणे-नवी मुंबईचा प्रश्न विधानसभेत न्यायचा कसा, आणि तिथून पुढे त्याचा पाठपुरावा कसा करायचा

आमदारांच्या ऑफिसात गेलं की बहुतेक वेळा काय होतं ते सगळ्यांना माहितीये. साहेब किंवा ताई ऐकून घेतात, पीएला सांगतात पत्र काढ, पत्र महापालिकेला जातं, आपण त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, दहा जण अंगठा दाखवतात आणि विषय तिथेच बसतो. पत्र द्यायलाच हवं, पण नुसत्या पत्राला उत्तर आलं नाही तर कोणाचं काही अडत नाही. तोच विषय विधानसभेत किंवा विधान परिषदेत रीतसर प्रश्न म्हणून गेला तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ते छापून येतं, आणि मंत्र्याने सभागृहात एखादी गोष्ट करतो म्हणून सांगितली की ती झाली का नाही हे बघायला एक वेगळी समिती असते. हे सगळं आपल्याला वापरता येतं, फक्त कसं ते कोणी नीट सांगत नाही, म्हणून सोसायट्यांच्या फेडरेशनच्या कामात जे शिकले ते सगळं इथे लिहितेय.

आधी खातं शोधा, आमदार नंतर. विधिमंडळात तक्रार "सरकार"कडे जात नाही, ती एका विभागाकडे आणि एका मंत्र्याकडे जाते. खातं चुकलं की प्रश्न इकडून तिकडे फिरतो आणि अधिवेशन संपून जातं. ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका आणि सिडको यांचे विषय नगरविकास विभागाकडे. म्हाडा, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) गृहनिर्माणकडे. एमआयडीसीचे रस्ते, एमआयडीसीचं पाणी हे उद्योग विभागाकडे. कारखान्याचा धूर, वास, नाल्यात सोडलेलं रंगीत पाणी हे प्रदूषण नियंत्रण मंडळ बघतं, म्हणजे पर्यावरण विभाग. खाडीकिनारची कांदळवनं तोडली तर वन विभाग आणि महसूल दोन्ही. लोकलच्या फेऱ्या, स्टेशनवरचे पूल हे रेल्वेचं, म्हणजे केंद्राचं, ते विधानसभेत नेऊन उपयोग नाही, त्याला खासदार. रस्त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण एकाच रस्त्याचा तुकडा पालिकेचा, पुढचा सार्वजनिक बांधकामचा, उड्डाणपूल एमएमआरडीए किंवा एमएसआरडीसीचा असं असतं, त्यामुळे रस्त्याचा विषय असेल तर आधी माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाका की या ठिकाणापासून या ठिकाणापर्यंतचा रस्ता देखभालीसाठी कोणाच्या ताब्यात आहे. ते उत्तर हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता आमदार. ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत, त्यात बेलापूर आणि ऐरोली नवी मुंबईचे. खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनी लक्षात ठेवा की तुम्ही पनवेल मतदारसंघात आहात, जिल्हा रायगड. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मंत्री झालेला आमदार सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तरं देणाऱ्यांच्या बाजूला बसतो. २०२४ च्या निवडणुकीनंतर कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा आणि ऐरोली या तिन्ही ठिकाणचे आमदार मंत्रिमंडळात गेले, म्हणजे कोपरी, घोडबंदर, घणसोली, कोपरखैरणे इकडच्या लोकांना आपल्या आमदाराकडून तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी मागता येतं असा प्रश्न, टाकून घेता येत नाही. त्याने काही बिघडत नाही. मंत्र्यांकडे थेट निवेदन द्या, ते वेगळं काम करतं, आणि प्रश्नासाठी दुसरा सदस्य धरा. सदस्याने फक्त आपल्याच मतदारसंघाचा प्रश्न विचारावा असं काही नाही, २८८ पैकी बिनमंत्री असलेला कोणीही विचारू शकतो, आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य आहेत ते वेगळे. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक हे दोन मतदारसंघ पार पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत आहेत आणि त्यात ठाणे येतं, तुम्ही पदवीधर म्हणून नाव नोंदवलं असेल तर तो तुमचाही आमदार आहे, त्याच्याकडे हक्काने जा. ज्या आमदाराला त्या विषयात मुळातच रस आहे, समजा जो पाण्यावर नेहमी बोलतो, तो आपला नसला तरी आपल्याच्यापेक्षा जास्त कामाला येतो, हे माझं पक्कं मत आहे.

वेळ. वर्षाला तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे होतं. तारांकित प्रश्न अधिवेशन सुरू व्हायच्या बरेच आधी द्यावे लागतात, आणि तिथेच आपण सगळे फसतो, कारण पेपरात "अधिवेशन सोमवारपासून" असं वाचल्यावर आपल्याला जाग येते आणि तोपर्यंत प्रश्नांची मुदत कधीच गेलेली असते. म्हणून हिशोब असा ठेवा, अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी जानेवारीत कागद तयार, पावसाळीसाठी मे महिन्यात, म्हणजे अर्धी सोसायटी गावाला गेलेली असते तेव्हा, आणि हिवाळीसाठी दिवाळीच्या आगेमागे. आमदारांच्या पीएंना फोन करून विचारा की यावेळी प्रश्न स्वीकारायची शेवटची तारीख काय आहे, त्यांच्याकडे ते परिपत्रक आलेलं असतं. पीए हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, त्यांना मान द्या, त्यांना तयार मजकूर द्या.

तयार मजकूर म्हणजे काय ते नीट सांगते कारण सगळं इथे ठरतं. विधानसभेच्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. समजा घणसोलीत रात्री उग्र वास येतो आणि रहिवाशांनी तक्रारी केल्यात. तर प्रश्न साधारण असा बसतो:

"सन्माननीय पर्यावरण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) घणसोली (ता. ठाणे, जि. ठाणे) परिसरात रात्रीच्या वेळी रासायनिक वायूचा उग्र वास येत असल्याबाबत स्थानिक रहिवाशांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अमुक दिनांकास वा त्यासुमारास लेखी तक्रार केली आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त तक्रारीच्या अनुषंगाने मंडळाने कोणत्या दिनांकास स्थळपाहणी केली व त्यात काय आढळून आले, (३) तद्नुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

यातला पहिला भाग नीट बघा. मी "वास येतो हे खरे आहे काय" असं विचारलेलं नाही, "लेखी तक्रार केली आहे हे खरे आहे काय" असं विचारलंय. कारण उत्तरही साच्यातच येतं. पहिल्या भागाला "हे खरे नाही" असं उत्तर आलं की पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" असं लिहून मोकळं होता येतं आणि आपली सहा महिन्यांची मेहनत दोन ओळीत संपते. वास येतो का नाही यावर वाद घालता येतो, पण ज्या तक्रारीवर पोच शिक्का आहे ती केलीच नाही असं कोणी म्हणू शकत नाही, त्यामुळे पहिल्या भागाला "हे खरे आहे" लिहावंच लागतं आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भागाला खरं उत्तर द्यावं लागतं. तसंच "वा त्यासुमारास" हे शब्द काढू नका, तारीख एक दिवसाने इकडेतिकडे असली तर तेवढ्यावरून नकार येऊ शकतो. आणि चौथा भाग, विलंबाची कारणं, हा कायम ठेवायचाच.

म्हणजे प्रश्न टाकायच्या आधी तुमच्याकडे पोचपावती असलेली तक्रार पाहिजे, ऑनलाइन केली असेल तर टोकन नंबर, शक्य असेल तर माहिती अधिकारातलं एखादं उत्तर. हे नसेल तर आधी तक्रार करा, पुढच्या अधिवेशनाला प्रश्न टाका. एका प्रश्नात एकच विषय. पाणी, पार्किंग आणि वास एकत्र कोंबले तर प्रश्न स्वीकारला जाणार नाही. कुणावर आरोप, कुणाची जात, कोणी किती पैसे खाल्ले असलं काही नाही. आणि विषय कोर्टात असेल तर आधीच आमदारांना सांगा, कारण न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात चर्चा होत नाही, सोसायटीने हायकोर्टात याचिका टाकली असेल तर मंत्री तेवढं सांगून थांबतील आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

प्रश्न स्वीकारला गेला की तो विधान भवनातून मंत्रालयात विभागाकडे जातो, तिथून आयुक्त किंवा जिल्हाधिकारी, तिथून खाली प्रभाग समितीच्या ज्युनिअर इंजिनिअरपर्यंत किंवा फील्ड ऑफिसरपर्यंत येतो. ऑफिसात त्याला एलएक्यू, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणतात. वरून "अत्यंत तातडीचे, विधानसभा तारांकित प्रश्न" असं लिहिलेलं पत्र आलं की जी फाइल वर्षभर खालच्या कप्प्यात असते ती टेबलावर येते, आणि बऱ्याच वेळा सभागृहात उत्तर यायच्या आतच खड्डा बुजतो, पाहणी होते, नोटीस निघते. मला विचाराल तर प्रश्नाचा अर्धा फायदा इथेच आहे. या काळात त्या अधिकाऱ्याला जाऊन भेटा, भांडायला नको, फोटो, तारखा, मागच्या पत्रांच्या कॉप्या द्यायला जा, कारण उत्तराचा पहिला मसुदा तोच लिहिणार असतो आणि त्याच्याकडे कागद नसले तर तो जुन्या फाइलमधलं जे असेल ते लिहून पाठवतो.

आता सभागृहात. दिवसाची सुरुवात साधारणपणे प्रश्नोत्तराच्या तासाने होते. कोणत्या वारी कोणत्या खात्याचे प्रश्न हे आधीच ठरलेलं असतं. यादीत प्रश्न खूप असतात आणि तासाभरात मोजकेच तोंडी चर्चेला येतात, पण आपला नंबर आला नाही म्हणून निराश होऊ नका, बाकीच्यांची लेखी उत्तरं यादीत छापून येतातच. तारांकित आणि अतारांकित यातला फरक एवढाच धरा, तारांकितवर उभं राहून उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. नंबर आलाच तर आमदाराला उपप्रश्नासाठी मिनिटभर मिळतं, त्यासाठी आदल्या दिवशी एक पान द्या, त्यावर तीनच ओळी, मोठ्या अक्षरात. त्यातला एक उपप्रश्न तारखेचा पाहिजे. "कारवाई करणार का" याला हो म्हणणं सोपं आहे, "किती दिवसांत करणार आणि अहवाल सभागृहाच्या पटलावर (म्हणजे सभागृहासमोर) कधी ठेवणार" याला आकडा द्यावा लागतो. उत्तर फारच अपुरं असलं तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात, म्हणजे तो पुन्हा घ्यायचा, हे आपल्यासाठी चांगलं असतं.

प्रश्नाची मुदत गेली आणि विषय तातडीचा आहे, म्हणजे इमारत खचली, पाणी बंद झालं, नाला फुटला, तर लक्षवेधी सूचना. ती अधिवेशन चालू असताना देता येते. अध्यक्षांनी मान्य केली की विभाग लेखी निवेदन तयार करतो, ते सदस्याला आधी मिळतं, म्हणून सभागृहात बोलताना "निवेदनात असं म्हटलंय पण प्रत्यक्षात" असं सुरू करता येतं. ते निवेदन आमदारांकडून लगेच मागून घ्या आणि त्यातली प्रत्येक चुकीची ओळ जागेवर खुणा करून परत पाठवा, त्याच दिवशी, व्हॉट्सअॅपवर सुद्धा चालतं. लक्षवेधीत मंत्री जास्त मोकळं बोलतात, बैठक लावतो, अधिकाऱ्याला पाठवतो, चौकशी करतो असं पटकन मिळतं. लक्षवेधी लागायच्या आत अधिवेशन संपलं तर पुढच्या वेळी नव्याने द्यायची. औचित्याचा मुद्दा हा अगदी छोटा प्रकार, सदस्य दोन मिनिटांत विषय मांडतो, नोंद होते, त्यावर लगेच चर्चा होत नाही. काहीच नाही मिळालं तर तोही घ्या.

प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर प्रेक्षक गॅलरीचा पास आमदारांकडून लागतो, पण जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या आवारात कार्यकर्त्यांची हाणामारी झाल्यापासून अभ्यागतांच्या प्रवेशावर कडक बंधनं आहेत, तेव्हा आधी पक्कं विचारल्याशिवाय निघू नका. मिळाला पास तर ठाण्याहून किंवा वाशीहून लोकलने सीएसएमटी, तिथून मेट्रो तीन पकडली की विधान भवन नावाचंच स्टेशन आहे. नाहीतर घरी बसून कामकाजाचं थेट प्रक्षेपण बघा, तेच बरं, कारण हातात वही घेऊन मंत्र्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेता येतात.

शब्द जसेच्या तसे का, तर आश्वासन समितीसाठी, म्हणजे मंत्र्याने सांगितलेलं झालं का बघणारी जी समिती सुरुवातीला म्हटली तीच. "बघू", "माहिती घेतो" याने हाती काही लागत नाही. "तीन महिन्यांत काम पूर्ण करू", "चौकशी करून कारवाई करू", "या अधिवेशनाच्या आत बैठक घेऊ" हे आश्वासन. सभागृहाच्या कार्यवाहीतून अशी आश्वासनं वेगळी काढली जातात आणि विभागाकडे पूर्ततेसाठी जातात, आणि पूर्तता झाली नाही तर समिती सचिवांना साक्षीला बोलावू शकते. विधानसभेची आश्वासन समिती वेगळी, परिषदेची वेगळी, त्यामुळे कोणत्या सभागृहात बोलले ते लिहून ठेवा. आपण काय करायचं, तर दिनांक, प्रश्नाचा किंवा लक्षवेधीचा क्रमांक, मंत्र्यांचं नाव, नेमकं वाक्य, आणि आजची परिस्थिती दाखवणारे फोटो असं एका पानाचं पत्र समितीप्रमुखांच्या नावाने विधानमंडळ सचिवालयात द्यायचं, एक प्रत विभागाच्या सचिवांना, एक प्रत प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला. हे काम लोक करतच नाहीत. प्रश्न लागला, टीव्हीवर दिसला, पेढे वाटले, संपलं. खरं तर आश्वासन मिळाल्यावरच आपल्या हातात काहीतरी ठोस येतं, आणि नेमकं तेव्हाच आपण घरी जाऊन बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी समित्या थोडक्यात सांगते. विनंती अर्ज समिती ही सामान्य माणसासाठीच आहे, तुमच्या सह्यांचा अर्ज, पूर्ण पत्ते, शेवटी नेमकी मागणी, आणि त्यावर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. भाषा सभ्य, विषय न्यायप्रविष्ट नसलेला, आणि राज्याच्या अखत्यारीतला. बऱ्याच वस्त्यांचा एकत्र प्रश्न असेल, समजा धोकादायक इमारती किंवा सिडकोच्या वसाहतींचे जुने करार, तर प्रश्नापेक्षा हा रस्ता चांगला, कारण समिती विभागाला समोर बसवून तासभर ऐकते, सभागृहात तेवढा वेळ कधीच मिळत नाही. शहापूर, मुरबाड, भिवंडी ग्रामीणच्या लोकांसाठी पंचायत राज समिती आणि अनुसूचित जमाती कल्याण समिती, या दौऱ्यावर येतात, शाळा, आश्रमशाळा, आरोग्य केंद्रं तपासतात, दौऱ्याची तारीख जिल्हा परिषदेत कळते, तेव्हा निवेदन तयार ठेवा. लोकलेखा समिती कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालावर काम करते आणि तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा आहे, तुमच्या विषयाचा उल्लेख कॅगच्या अहवालात सापडला तर तो परिच्छेद क्रमांकासकट आमदारांना द्या, त्याच्याइतका मजबूत पुरावा दुसरा नाही.

आणि विधेयकांवरही आपल्याला बोलता येतं. एखादं विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं की समिती लोकांकडून सूचना मागवू शकते. कडव्या डाव्या संघटनांविरुद्ध म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी असंच झालं, डिसेंबर २०२४ मध्ये ते संयुक्त समितीकडे गेलं, १२ हजारांहून जास्त सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर होताना मसुद्यातले काही शब्द बदललेले होते. ते बदल पुरेसे होते का यावर मतं वेगळी असतील, पण सूचना पाठवायची खिडकी उघडी होती आणि ठाण्यातल्या किती फेडरेशनांना ते माहीत होतं? सूचना पाठवताना कलम क्रमांक लिहा, आत्ताचा मजकूर काय, तुम्हाला कोणता हवा, आणि कारण चार ओळीत. "हे विधेयक रद्द करा" एवढंच लिहिलेलं पत्र एका आकड्यात जमा होतं, कलमवार सूचना मात्र समितीसमोरच्या तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून येऊ शकते.

शेवटी फाइलबद्दल. एका विषयाला एक फाइल, वरती पहिलं पान तारखांचं, खाली पोच असलेल्या तक्रारी, मग प्रश्नाचा छापील मजकूर आणि उत्तर, मग कार्यवाहीतलं आश्वासन, मग समितीला दिलेलं पत्र. सोसायटीची कमिटी बदलली की ही फाइल नव्या सेक्रेटरीला सही घेऊन द्या, कारण आश्वासनाचा पाठपुरावा कधी कधी दोन-तीन कमिट्या बदलेपर्यंत चालतो. उत्तर "अंशतः खरे आहे" असं आलं असेल तर त्यावर पेनाने खूण करा की त्यांनी नेमकं काय मान्य केलंय, पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा पहिला भाग तिथूनच उचलायचा.